टर्नटेबलमधली घरघर: आठ महिन्यांनी लिहितोय

पाडव्याला टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवणारा रेकॉर्ड प्लेयर, घेतलं. बेल्ट ड्राइव्ह, त्यावर ऑर्टोफॉनचं टू-एम रेड कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), त्याचा क्षीण सिग्नल वाढवणारा वेगळा फोनो प्रीअँप आणि घरातलाच जुना अँप्लिफायर. पहिल्या रात्री ख्यालाची एलपी लावली. गायकाचा सा हार्मोनियमच्या पांढरी एकचा. तानपुरे सुरू झाले आणि त्यांच्या मंद्र पंचमाच्या किंचित वर आणखी एक स्वर ऐकू आला, जो कोणीच लावलेला नव्हता. तो पंचम साधारण ९८ हर्ट्झचा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००; तो जास्तीचा स्वर म्हणजे विजेची ही गुणगुण, तिलाच ‘हम’ म्हणतात. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोनदा लाट उठते. आलाप ऐकवेना.

कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. शिवाय तबकडी कापताना खालचे स्वर दाबलेले असतात, ते फोनो प्रीअँप पुन्हा उचलतो. १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल. म्हणजे खालून जे काही घुसेल ते मोठं होऊनच बाहेर येणार.

टर्नटेबलची ग्राउंड वायर प्रीअँपच्या स्क्रूखाली सैल होती. ती घट्ट केल्यावर हम निम्म्यावर आला. मग तबकडी न लावता, सुई वर ठेवूनच आर्म हाताने हळूहळू आत नेला. मध्याकडे जाताना आवाज वाढत होता. त्या बाजूला, वीतभर अंतरावर अँप्लिफायर होता आणि त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट कार्ट्रिजमध्ये शिरत होतं. अँप्लिफायर दुसऱ्या टोकाला हलवला. उरलेला हम मात्र महिनाभर छळत राहिला. शेवटी एकेक वायर काढत गेलो, तेव्हा सेट-टॉप बॉक्सची केबल उपसताक्षणी खोली शांत झाली. केबलवाल्याच्या वायरचं ग्राउंड आणि घरातलं अर्थिंग यांचा लूप तयार झाला होता. आता टीव्ही अँप्लिफायरला ऑप्टिकल केबलने जोडलाय, तिच्यातून वीज जातच नाही. हम घालवायला थ्री-पिनची अर्थ पिन काढून टाका, असा सल्ला मला दोघांनी दिला. कृपा करून हे करू नका. बिघाड झाला तर अँप्लिफायरच्या पत्र्यात करंट उतरेल.

एवढं होऊनही आवाज वाढवला की खालून हुंकारासारखं काहीतरी उठायचं. तो हमच समजून मी आणखी तीन आठवडे वायरी तपासल्या, ते सगळे वाया गेले. ओळखायची रीत सोपी आहे: मोटर बंद, तबकडी स्थिर, सुई तिच्यावर टेकवलेली, आणि आवाज हळूहळू वाढवायचा. हुंकार उठला तर स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोहोचतेय. हात व्हॉल्यूमवरच ठेवा, लगेच कमी करता आला पाहिजे. माझे स्पीकर आणि टर्नटेबल एकाच लाकडी शोकेसवर होते. आधी टर्नटेबलखाली कडप्पा घातला, फरक नगण्य; शोकेसच हलतंय तर कडप्पा काय करणार? स्पीकर वेगळ्या स्टँडवर गेले, तोच कडप्पा भिंतीत ठोकलेल्या लोखंडी ब्रॅकेटवर रबरी पट्ट्या घालून बसवला, तेव्हा हुंकार गेला. ऐकताना वरचं झाकणही काढून ठेवतो, तेसुद्धा आवाज पकडतं.

काही जुन्या, वाकलेल्या एलपींवर वूफरचा (खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा) पडदा आवाज नसतानाही आत-बाहेर हलतो. तबकडीचा फेरा १.८ सेकंदांचा, पडदाही त्याच ठेक्यात. आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून सुमारे १७ ग्रॅम, कार्ट्रिजचा कॉम्प्लायन्स (सुईचा लवचिकपणा) २०. हिशेबाने आर्मचा रेझोनन्स (तो सगळ्यात सहज थरथरतो ती वारंवारता) साडेआठ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे आर्म-कार्ट्रिजची जोडी ठीक आहे. प्रीअँपवरचं सबसॉनिक फिल्टरचं बटण दाबलं, काम झालं. ते २० हर्ट्झच्या खालचं कापतं, तानपुऱ्याचा खर्ज ६५ हर्ट्झला आहे, त्याला धक्का लागत नाही.

काही तबकड्यांत घरघर मुळातच कोरलेली असते. तीच एलपी मित्राकडे लावून बघितली, तिथेही तीच. तिच्यासाठी घरात काही बदलायचं नाही.

टर्नटेबल परत करायचा विचार जूनमध्ये दोनदा केला होता. केला नाही ते बरं झालं, दोष त्याचा नव्हताच. आता आलापात खर्जाच्या तारेची जवारी (तिची झणझणती गुंज) विरत जाताना शेवटपर्यंत ऐकू येते. फ्रिज सुरू होताना स्पीकरमध्ये ‘टक्’ होतं, तेवढं बाकी आहे. पुढच्या रविवारी फ्रिज दुसऱ्या सॉकेटवर लावून बघणार आहे.