जुन्या ट्रॅक्टरला केबिन की नुसतं छत?

मुळात केबिन नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर पत्र्या-काचेची केबिन चढवली की ऊन, पाऊस बाहेर राहतं आणि धूळही बरीच कमी होते. आवाजाचं मात्र पुष्कळदा उलटंच होतं. उघड्यावर तो चारी बाजूंना पांगतो. केबिनमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक पंपाची थरथर मडगार्डमधून पत्र्यात शिरते आणि ठरावीक आरपीएमला सगळा डबा घुमू लागतो. रोटाव्हेटरला पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर धरायचा, म्हणजे इंजिन तासन्‌तास एकाच आरपीएमवर. घुमणं नेमकं तिथेच असलं तर सुटका नाही.

मी छताकडे वळलो ते यामुळेच. आवाजावर उपाय आहेत: केबिनचे पाय रबरी बुशवर घ्यायचे, पत्र्याला आतून थरथर शोषणारी डांबरी डॅम्पिंग शीट, छताला फोम, लिव्हर-पेडलच्या फटींना रबरी बूट, म्हणजे झाकणं. आवाज उतरतो, पण आता उष्णता कोंडते. तापलेला गिअरबॉक्स पायाखालीच, आणि रेडिएटरचा पंखा गरम हवा मागे, आपल्याच अंगावर ढकलतो. काच उघडली की आवाज परत आत. एसी लावला तर कॉम्प्रेसर इंजिनची ताकद खातो. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरपुढे बसवला तर इंजिन तापतं, तो टपावरच हवा.

छतही कसंही ठोकून चालत नाही. एकेरी पत्र्याची धग डोक्यावर उतरते. दोन थर घ्यावेत, मध्ये चार-पाच सेंटिमीटर पोकळी, कडा उघड्या. सायलेन्सरचं तोंड छताच्या वीतभर तरी वर काढावं, नाहीतर धूर आणि आवाज दोन्ही खाली अडकतात. बॉनेट आणि डॅशबोर्डमधला आडवा पत्रा गायब असेल तर आधी तो लावा, गुडघ्यांवरचा गरम झोत बराच थांबतो.

कानांसाठी इअरमफ लागतातच. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९१ ला दोनच तास. जोरावर चाललेला जुना ट्रॅक्टर ९० सहज ओलांडतो. चष्म्याची जाड काडी इअरमफच्या गादीखाली आली की फट पडते, म्हणून बारीक काडीचा चष्मा बरा.

कडक थंडीत काम असेल तर केबिनच घ्यावी, हे मान्य. फवारणीसाठी मात्र कार्बन फिल्टर आणि आत हवेचा दाब ठेवणारा ब्लोअर नसेल तर ती निरुपयोगी. आणि ट्रॅक्टर उलटला तर साधं छत किंवा वर्कशॉपमध्ये जोडलेली केबिन, दोन्हींवर भिस्त ठेवता येत नाही. चाचणी झालेली रोलओव्हर फ्रेम आणि तिच्यासोबत सीटबेल्ट वेगळा बसवावा लागतो.