मारुती ८०० च्या कार्बोरेटरचं ४५० रुपयांचं किट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

किट घ्यायला हरकत नाही, पण त्यातलं सगळ्यात खालचं, कार्बोरेटरच्या बुडाशी बसणारं पॅकिंग बसवू नका. रेस (एक्सलेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) उतरवण्यासाठी किट घ्यायचं आणि रेस चढवणारं पॅकिंग त्याच पुडीतून निघायचं, हे मला अजून पटलेलं नाही. म्हणून एवढं लांब लिहितो आहे.

गाडी १९९७ ची, एसीवाली. किट नोव्हेंबरात बसलं. तक्रार नेहमीचीच: चोक पूर्ण आत, इंजिन गरम, तरी आयडलिंग मिनिटाला १६०० फेऱ्यांवर. या इंजिनाला ९०० च्या आसपास शोभतं. गाडीत आरपीएमचा काटा नाही, म्हणून प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा मीटर घेतला. हा मीटर लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो दर फेऱ्याला एक ठिणगी धरून मोजत असेल, तर इथे निम्मा आकडा दाखवतो, कारण एका प्लगला दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी मिळते. ४५० दिसले की ९०० समजायचे. हे ठाऊक नसलं तर बरोबर असलेली गाडी माणूस बिघडवून ठेवतो.

कार्बोरेटर उघडण्याआधीच्या तपासण्या फुकट आहेत आणि अर्ध्या गाड्या तिथेच सुधारतात. इंजिन गरम करून चालू ठेवा आणि एक्सलेटरचा लिव्हर बोटाने बंद होण्याच्या दिशेला दाबा. रेस उतरली तर दोष यांत्रिक आहे, कार्बोरेटरमधला पडदा (हवा कमी-जास्त सोडणारी चकती) कशाने तरी उघडा राहतो आहे. मग केबल लिव्हरवरून काढून पाहा. आपल्याकडच्या धुळीत केबल आतून जाम होते, स्प्रिंग तिला ओढू शकत नाही. केबल बसवताना तिला दोन-तीन मिलिमीटर ढिलाई हवीच. त्यानंतर चोक. डॅशबोर्डवरचं बटण आत गेलं म्हणजे खालची पट्टी परत आलीच असं नाही, ती डोळ्यांनी पाहायची. एसीवाल्या गाडीत एसी लावल्यावर रेस वाढवणारा डायफ्राम (रबरी पटल) असतो. एसी बंद असताना त्याची दांडी लिव्हरला टेकता कामा नये, मध्ये उजेड दिसला पाहिजे.

लिव्हर दाबूनही रेस उतरत नसेल, तर आयडलचा स्क्रू लिव्हरपासून सुटेपर्यंत मागे घ्या. तरीही १५०० राहिले, तर जादाची हवा दुसरीकडून शिरते आहे. एअर फिल्टर काढा, चेहरा बाजूला ठेवा आणि कार्बोरेटरचं तोंड तळहाताने पूर्ण झाका. धडधाकट इंजिन दोन-तीन सेकंदांत गुदमरून बंद पडतं. चालत राहिलं, तर हवा पडद्याच्या खालून येते आहे.

आणखी एक तपासणी बहुतेक मिस्त्री करत नाहीत. स्लो जेट म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल देणारं बारीक छिद्र, सोलेनॉइड म्हणजे ते उघडणारी विजेवरची झडप. या सोलेनॉइडची वायर चालू इंजिनावर काढा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. पडलं नाही, तर एक तर सोलेनॉइडची सुई कुणीतरी कापून टाकली आहे, किंवा स्लो जेट बुजलाय आणि पडदा इतका उघडून ठेवलाय की इंजिन मेन जेटवर, म्हणजे एरवी गाडी पळताना पेट्रोल देणाऱ्या जेटवर चालतंय. असल्या गाडीत वाढलेली रेस हे बुजलेल्या जेटवर घातलेलं पांघरूण असतं. स्क्रू मागे घेतला की ती बंद पडते, म्हणून मिस्त्री पुन्हा रेस वाढवून देतो. जेट काढून पेट्रोलने धुवा, पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्या. तार घालू नका. छिद्र मोठं झालं तर सरळ नवा जेटच आणावा लागतो.

माझ्या गाडीत सोलेनॉइड ठीक होता, तळहाताखाली मात्र इंजिन चालत राहिलं. हवेची फट शोधायला काही जण क्लीनरचा स्प्रे मारतात. तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपाशेजारी तो मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्यापेक्षा २० मिलीच्या सिरिंजमधून साधं पाणी कार्बोरेटरच्या बुडाशी थेंबाथेंबाने सोडा. फट नसेल तिथे थेंब ओघळून खाली जातो. फट असेल तिथे तो ओघळतच नाही, जागच्या जागी आत नाहीसा होतो, हवा ओढली जाण्याचा सूऽऽ आवाज क्षणभर थांबतो आणि रेस खाली येते. एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नाही. व्हॅक्यूमचे पाईप एकेक करून पक्कडीने हळूच दाबा. जो दाबल्यावर रेस उतरते, त्याच्या पुढे गळती. टोक कडक झालं असेल तर एक सेंटिमीटर कापून पुन्हा बसवा. सलाईनची नळी लावू नका, उन्हाने मऊ होऊन ती आतल्या आत चपटते.

तर किटाबद्दल. पहिले तीन महिने मी याची शिफारस करत होतो. पंपाचा (एक्सलेटर दाबल्यावर जादा पेट्रोल सोडणाऱ्या) डायफ्राम बरोबर मापाचा, पेट्रोलची आवक रोखणारी सुई-सीट गळत नाही, तांब्याचे वॉशर नीट बसतात. रेस ९५० वर आली, सकाळच्या थंडीत चोक आत केल्यावर गाडी शांत राहायची. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

फेब्रुवारी सरला आणि ऊन चढायला लागलं तशी रेस सरकू लागली. १०५०, मग १२००. मेअखेरच्या नवतप्यात बाजाराच्या दिवशी तासभर उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू केली की १५०० च्या खाली येईना, रात्री थंड झाल्यावर पुन्हा हजारावर. सिरिंज लावली, थेंब मागच्या कोपऱ्यात नाहीसा होत होता. उघडून पाहिलं तर खालचं पॅकिंग कडक, करडं आणि कडेला चिरलेलं. व्हर्नियरवर जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. किटातल्या बाकी पॅकिंगला हे पातळ चालतं, पण इन्सुलेटरच्या (कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या, ताप अडवणाऱ्या ठोकळ्याच्या) वर-खाली बसणारं हेच पॅकिंग सगळ्यात जास्त ताप खातं. दुकानदाराकडे नेलं तर उत्तर मिळालं, गाडी जुनी आहे. जुन्या गाडीसाठीच तर किट विकता! बदलून दिलं नाही.

इथपर्यंत सगळा दोष मी किटाला देत होतो. आता तो निम्माच देतो. कार्बोरेटरचं बूड सपाट काचेवर ठेवलं तेव्हा एका कोपऱ्यातून ०.१० मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) सहज आत गेला. आधी कधीतरी गळती थांबवायला कुणी नट ताकदीने आवळले होते, त्याने बुडाचे नट बसतात ते कान खाली वाकले होते. पॅकिंग जाड असतं तर एवढी फट त्याने गिळली असती. पातळ होतं म्हणून तीन महिन्यांत उघडी पडली. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून, थोडं तेल घालून, आठच्या आकड्यात बूड घासलं. वीस मिनिटांत सपाट झालं. घासण्याआधी सगळी छिद्रं बंद करा, नंतर पेट्रोलने धुवा.

पॅकिंग घरीच कापलं, ०.८ मिमीच्या ऑइल जॉइंट शीटचं. किटातलं पॅकिंग वर ठेवून पेन्सिलने आखायचं, बोल्टची छिद्रं पंचने पाडायची. सिलिकॉनची ट्यूब इथे अजिबात नको. पेट्रोलने ती फुगते आणि तिचे तुकडे आत जातात. इन्सुलेटरला चीर असेल तर नवाच घ्या, चिकटवलेला टिकत नाही. नट आमनेसामने, अर्धा-अर्धा आटा, आखूड पान्याने. इंजिन एकदा गरम होऊन पूर्ण थंड झालं की पुन्हा एकदा हलकेच तपासा.

मिक्श्चरचा (आयडलिंगला पेट्रोल किती ते ठरवणारा) स्क्रू शेवटी. आधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवून किती आटे होते ते मोजून लिहून ठेवा. जोराने आवळला तर टोकाला वळ पडतो आणि मग तो कधीच नीट लागत नाही. माझ्या गाडीत तो गरजेपेक्षा दीड आटा बाहेर होता. फटीतून हवा जास्त येत होती म्हणून पेट्रोलही जास्त सोडलेलं, आणि जादा हवा अधिक जादा पेट्रोल म्हणजे वाढलेली रेसच. फट बुजवल्यावर स्क्रू आत घेतला तेव्हाच रेस उतरली. टाइमिंग, म्हणजे ठिणगी केव्हा पडायची ते, त्याहीनंतर. वाढलेल्या रेसवर डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) वजनं फाकून टाइमिंग पुढे गेलेलं असतं, पडदा उघडा असला तर व्हॅक्यूमही टाइमिंग पुढे ओढतो. त्या अवस्थेत लावलेलं टाइमिंग चुकीचंच असतं.

जुलैअखेर मीटर ४५० दाखवतो आहे, म्हणजे ९००, उन्हातही आणि पावसातही. आता किटाला पाचपैकी तीन. एक गुण पॅकिंगचा कापला. उरलेला पंपाच्या डायफ्रामचा: २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये आठ महिन्यांत तो ताठ झालाय, एक्सलेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते. डायफ्राम सुटा मिळतो, घेताना इथेनॉलला चालणारं रबर आहे का ते विचारून घ्या. दिवाळीआधी तेवढा बदलणार आहे. त्या वेळी खालच्या पॅकिंगला हात लावायचा नाही, कारण बूड न सोडवताही पंपापर्यंत पोचता येतं.