एसी लावून गार केलेली गाडी आणि माझे साडेआठ लाख

पोस्ट मोठी झालीये, पण सेकंडहँड हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी गाडी) घ्यायचा विचार असेल तर वाचाच. मी गाडीतलं अगदीच न कळणारा माणूस नाही, वीस वर्षं चालवतोय, नाशिकच्या सातपूरला कंपनीत मेंटेनन्सला आहे, तरी गंडलो.

२०२४ चा दसरा. बायकोचं म्हणणं होतं मुहूर्तावर गाडी दारात पाहिजे, आणि मला पेट्रोलच्या खर्चामुळे हायब्रिडच हवी होती कारण दर पंधरा दिवसांनी मुंबई होते माझी. नवी बजेटबाहेर. मग मुंबई-आग्रा हायवेच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे (नाव घेत नाही, केस चालू आहे) २०१६ ची सेडान बघितली, स्ट्राँग हायब्रिड (म्हणजे नुसत्या बॅटरीवरही निघते ती), सिंगल हँड, ६८ हजार किलोमीटर, आतून तर अशी चकाचक की सीटवर बसायला संकोच वाटावा. ८ लाख ५० हजारला ठरली.

घ्यायच्या आधी मी तीन वेळा जाऊन ट्रायल घेतली बरं का. तिन्ही वेळा दुपारी. सकाळी येतो म्हटलं तर म्हणे साहेब आपलं अकराला उघडतं आणि स्टाफ यायला साडेअकरा होतात. आणि तिन्ही वेळा मी पोचायच्या आधीच गाडी बाहेर काढलेली, एसी चालू, आणि तो पोरगा दार उघडून धरतोय, 'या साहेब, तुमच्यासाठी गार करून ठेवलीये.' ऑक्टोबरचं ऊन, मी घामाघूम, आत बसल्यावर असं बरं वाटलं की काय सांगू. कौतुकच वाटलं त्या पोराचं, पन्नास रुपये चहाला दिले मी त्याला!

आता कळतंय की गाडी आतून गार होत होती आणि इंजिन गरम. हायब्रिड उभी ठेवून एसी लावला की बॅटरी उतरते, मग ती चार्ज करायला इंजिन आपोआप चालू होतं, थोड्या वेळाने बंद होतं, परत चालू होतं. अर्धा-पाऊण तास असं ठेवलं की इंजिन मस्त तापतं. म्हणजे मी तीन ट्रायल घेतल्या पण या गाडीचं थंड इंजिन चालू होताना एकदाही बघितलं नाही. आणि हायब्रिडमधे दुसरी गंमत अशी की बटण दाबलं की नुसता रेडीचा दिवा लागतो, आवाज काही नाही, बॅटरीवरच गाडी निघते, आणि इंजिन मधेच कधीतरी चालू होतं तेव्हा तुम्ही ट्रॅफिकमधे असता, हॉर्न, रिक्षा, म्युझिक, काय ऐकू येणार. साध्या पेट्रोल गाडीत निदान चावी फिरवल्यावर कान तरी टवकारतो माणूस.

दिवाळीपर्यंत काही नाही. नोव्हेंबरच्या शेवटी सकाळी सकाळी एखाद्या दिवशी चालू करताना हलकी थरथर जाणवायची, चारपाच सेकंद, मग ठीक. आमचं पार्किंग बिल्डिंगच्या खाली आहे, तिथे फार गारठा नसतो, त्यामुळे मीही लक्ष दिलं नाही, म्हटलं असेल काहीतरी.

डिसेंबरात निफाडला सासुरवाडीला गेलो. निफाडची थंडी ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, पेपरात दर हिवाळ्यात आकडा येतोच. गाडी रात्रभर उघड्यावर, अंगणात. सासऱ्यांची द्राक्षबाग आहे, थंडी वाढली की पहाटेच उठून बागेत शेकोट्या पेटवायला जातात. त्यादिवशी बागेतल्या थर्मामीटरवर ६ डिग्री होतं. सातला आम्ही निघायला म्हणून मी बटण दाबलं आणि इंजिन चालू झालं तर गाडी अक्षरशः गदागदा हलायला लागली, डॅशबोर्डवरचा गणपती पडला, आरसा असा थरथरतोय की त्यात काही दिसेना, खालून खड् खड् खड् आवाज, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय आणि मागून पांढरा धूर. वीसेक सेकंद. मग जसं काही झालंच नाही अशी शांत. पोरगी मागे बसलेली ती घाबरून रडायलाच लागली.

सासरे हातात चहाचा कप घेऊन ओट्यावर उभे होते. पुढे आले, बॉनेट उघडायला लावलं, कुलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीकडे बघितलं आणि म्हणाले, 'जावईबापू, ही पाणी खाऊ राहिली. आपल्या ट्रॅक्टरचं हेड गेलं होतं तवा अस्संच करायचा तो सकाळी.' मी मनात म्हटलं, बाबा, हे हायब्रिड आहे, यात इन्व्हर्टर आहे, दोन मोटरी आहेत, तुमच्या ट्रॅक्टरचं काय घेऊन बसलात. बोललो नाही अर्थात. वेळ घालवला तो इथेच.

नाशिकला येऊन डीलरला फोन केला. तो एकदम गोड, 'साहेब थंडी आहे, हायब्रिड थंडीत अशीच करते, बॅटरी गारठते ना.' मी खरं मानलं! अरे या गाड्या बर्फाच्या देशात उणे वीस डिग्रीत चालतात, आणि नाशिकच्या थंडीत हिची बॅटरी गारठणार? पण हायब्रिड म्हटलं की आपल्या डोक्यात बॅटरीची भीती बसलेलीच असते, तिचाच फायदा घेतात हे लोक.

मग त्याने 'आपला माणूस आहे, हायब्रिड स्पेशालिस्ट' म्हणून नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळ एका गॅरेजला पाठवलं. तिथे दोन दिवस गाडी ठेवली. बिल १६ हजार ८००. बिलावर काय, तर सेल्फ मोटर रिकंडिशन, अल्टरनेटर बेल्ट, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. आणि वर तोंडी सल्ला की हायब्रिड बॅटरीचे दोन सेल वीक आहेत, फेब्रुवारीपर्यंत पॅक बदलावा लागेल, २ लाख १० हजार, तुमच्यासाठी १ लाख ९० मधे करून देतो.

आता नीट वाचा. माझ्या गाडीसारख्या स्ट्राँग हायब्रिडमधे सेल्फ मोटर नसतेच. अल्टरनेटरही नसतो. इंजिन फिरवायचं काम आतली मोठी जनरेटर मोटरच करते, आणि साधी बारा व्होल्टची बॅटरी चार्ज होते ती मोठ्या बॅटरीवरून कन्व्हर्टरमार्फत. म्हणजे या माणसाने गाडीत अस्तित्वातच नसलेल्या पार्टचं रिकंडिशन केलं आणि जीएसटी लावून माझ्याकडून पैसे घेतले. मेंटेनन्समधे काम करणारा मी, बिल खिशात घालून 'थँक्यू दादा' म्हणून घरी आलो. हे लिहितानाही लाज वाटतेय.

दोन दिवस गाडी बरी वाटली कारण दोन दिवस ढगाळ होतं, थंडी नव्हती. तिसऱ्या दिवशी परत तेच.

मग शेवटी सासऱ्यांचं ऐकलं. त्यांनी काय करायला सांगितलं होतं, तर कुलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी गार इंजिनवर बघा. मारली रेघ. आठ दिवसांत पाणी रेघेच्या दोन बोटं खाली. खाली फरशीवर एक थेंब नाही, पाइप सगळे कोरडे. मग पाणी जातंय कुठे?

ओझरच्या बाजूला त्यांच्या ओळखीचे एक फिटर आहेत, साठीचे, मुलगा स्कॅनर वगैरे बघतो. आदल्या संध्याकाळीच गाडी त्यांच्याकडे नेऊन लावली, त्यांनी कुलंटच्या सिस्टिमला पंपाने प्रेशर देऊन रात्रभर ठेवलं. सकाळी प्रेशर उतरलेलं. चारही प्लग काढले आणि भोकातून ती बारीक कॅमेऱ्याची नळी आत सोडली, मोबाईलवर दिसतं. पहिला पिस्टन काळा, दुसरा काळा, चौथा काळा. तिसरा पांढराशुभ्र, जसा काही विम बार लावून घासलाय. फिटर म्हणाले, 'वाफेने धुतला जातो साहेब, रोज सकाळी पाणी आत असतं ना.'

प्रकार असा होता. इंजिन तापलेलं असताना बंद केलं की कुलंटमधे प्रेशर असतं. हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) एका जागी गेलेलं, तिथून थोडं थोडं पाणी रात्रभर सिलेंडरमधे झिरपतं. रात्र जेवढी थंड तेवढं इंजिन पूर्ण गार होतं, धातू आकसतो, फट वाढते. सकाळी तो सिलेंडर पेटतच नाही, म्हणून गाडी गदागदा हलते. वीस सेकंदांत पाणी जळून जातं, पांढरा धूर तोच, मग दिवसभर गाडी लोण्यासारखी. आणि गॅस्केट जायचं मूळ त्यांच्या मते ईजीआर कूलरमधे (इंजिनचा थोडा धूर गार करून परत इंजिनात सोडतात, त्याची जाळी), तो काजळीने पार बुजला होता, त्यामुळे इंजिन आत जास्त तापत राहिलं असणार. काढून दाखवला मला, जाळीत काडी जाईना.

फिटरनी अजून एक सांगितलं ते ऐकून मात्र पोटात गोळा आला. साध्या गाडीत सिलेंडरमधे पाणी जास्त झालं तर सेल्फ अडकतो, गाडी चालूच होत नाही. हायब्रिडची मोटर ताकदवान, ती इंजिनला तसंच रेटते, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिनच बदला. म्हणजे अजून महिनाभर बॅटरी बॅटरी करत बसलो असतो तर गेलोच होतो.

एक खुलासा, नाहीतर कुणीतरी उगाच घाबरेल. थंडीत हायब्रिडचं इंजिन चालू झाल्या झाल्या मिनिटभर जरा चढ्या रेसवर, घोगऱ्या आवाजात चालतं, ते नॉर्मल आहे, सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक लवकर तापावा म्हणून कंपनीनेच तसं ठेवलेलं असतं. पण तो आवाज एकसारखा असतो. स्टीअरिंग हलतंय, दिवा लुकलुकतोय, धुराला गोडसर वास येतोय, हे नॉर्मल नाही, कुणी काहीही म्हणो.

एकूण खर्च ७१ हजार ५००. हेड मशीनवर घासून आणलं, गॅस्केट, बोल्ट नवीन, ईजीआर सगळं साफ. हायब्रिड बॅटरी त्यांच्या मुलाने स्कॅनरवर ब्लॉकवार बघितली, ठणठणीत. बॅटरीची तक्रार असती तर तिचा वेगळा कोड (बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर नोंदवतो तो नंबर) आला असता, इथे होता तो पी०३०३, म्हणजे तिसरा सिलेंडर मिसफायर, नीट पेटत नाही. त्या 'स्पेशालिस्ट'ला हा कोड दिसला नसेल? दिसला असणारच.

आणि डीलरला सगळं माहीत होतं हे मी कशावरून म्हणतो? गाडी घेतली त्या आठवड्यात मी हौसेने नऊशे रुपयांचं ब्लूटूथवालं ओबीडी यंत्र (गाडीतले हे कोड मोबाईलवर दाखवणारं) ऑनलाइन मागवलं होतं, लावून बघितलं, एकही कोड नाही, खूश झालो, स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर टाकला. तोच स्क्रीनशॉट फिटरच्या मुलाने बघितला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या की नाही त्याची नोंद, बहुतेक सगळे 'अपूर्ण'. कोड पुसले किंवा बॅटरीची वायर काढली की हे मॉनिटर शून्यावर जातात आणि गाडी काही दिवस चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. म्हणजे मला गाडी द्यायच्या आधी एक-दोन दिवसात कुणीतरी कोड पुसले होते. पुरावा माझ्याच मोबाईलमधे दोन महिने पडून होता आणि मी त्यावर थम्ब्स अप घेत बसलो होतो. शिवाय नंबरवरून शोरूमकडे चौकशी केली तर आधीच्या मालकाने जुलैत 'सकाळी व्हायब्रेशन' अशी तक्रार नोंदवलेली, एस्टिमेट घेतलं आणि काम न करता गाडी विकून टाकली. ही चौकशी मी आधी का नाही केली? मुहूर्त.

डीलरकडे गेलो तर गोडवा संपलेला. 'ॲज इट इज घेतलीये साहेब तुम्ही, सही आहे तुमची.' आहे सही, डिलिव्हरीच्या दिवशी पेढे हातात देऊन अकरा कागदांवर घेतली होती.

मग ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, तिथे तक्रार नंबर मिळतो, डीलरला मेलही गेला, पण त्याने उत्तर दिलं नाही. वकिलामार्फत नोटीस दिली आणि जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. ज्यांना वाटतं की कोर्टाचा खर्च परवडणार नाही त्यांच्यासाठी, आयोगाची फी वस्तूच्या किमतीवर असते, ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांत २०० रुपये. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. वकिलांनी एक नवीन गोष्ट सांगितली, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथोरायझेशन लागतं, त्यांच्याकडे असलेली गाडी कुठे कशासाठी फिरवली त्याचं रजिस्टर ठेवावं लागतं. आमच्या डीलरकडे सर्टिफिकेट मागितलं तर 'प्रोसेसमधे आहे'. तुम्ही बघायला जाल तेव्हा आधी भिंतीवर ते आहे का बघा, फोटो काढा.

नोटीस मिळाल्यावर त्याचा फोन आला, २५ हजार देतो, विषय मिटवा. नाही म्हटलं. सेल्फवाल्या गॅरेजने मात्र फक्त बिलाचा फोटो आणि 'कुठला सेल्फ ते दाखवा' एवढा मेसेज पाठवल्यावर संध्याकाळच्या आत १६ हजार ८०० परत केले, एक शब्द न बोलता.

कुणी घेणार असेल तर एवढंच करा, गाडी रात्रभर बंद असताना सकाळी सातला जा, मालक नाही म्हणाला तर गाडी सोडा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर परत फिरा, उद्या या. गार असेल तर बटण दाबून एसी फुल करा किंवा हीटर लावा, इंजिन चालू होईपर्यंत बसून राहा, म्युझिक बंद, काच खाली, आणि एक जण मागे सायलेन्सरपाशी उभा करा. कुलंटची बाटली अगदी ताजी भरलेली आणि बाकी इंजिनरूम धुळीत असेल तर विचारा का भरली. नऊशेचं यंत्र लावा पण कोड नाही म्हणून नाचू नका माझ्यासारखं, मॉनिटरची ओळ बघा.

या जानेवारीत परत निफाडला मुक्काम होता. पहाटे सासऱ्यांनीच चावी मागून घेतली, आधी बॉनेट उघडून टॉर्च मारून बाटली बघितली, मग स्वतः बटण दाबलं, कान देऊन उभे राहिले. इंजिन घुर्र करून चालू झालं आणि तसंच चालत राहिलं. 'रेघेवर आहे पाणी,' एवढंच म्हणाले आणि बागेत गेले.