‘सगळं सामान एकत्र’ घेताना लाइफ जॅकेटमध्ये होणारी फसवणूक

कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद नाव), वल्हं, लाइफ जॅकेट, हेल्मेट, ड्राय बॅग, सगळं एकदम आणि स्वस्तात. ही जाहिरात पाहून एका नवशिक्याने संच घेतला. त्यातलं जॅकेट उसवल्यावर पाठीच्या कप्प्यात निघाला काचसामान गुंडाळायचा पांढरा फोम आणि छातीच्या कप्प्यात चक्क स्पंज. अंगठ्याने दाबलं की फोमवर खड्डा तसाच राहत होता. बाहेरून जॅकेट नवं कोरं, भडक नारिंगी.

चांगल्या जॅकेटच्या फोममध्ये हवेचा प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र बंद असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. स्पंजची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, तो पाणी पितो. पॅकिंगचा फोम जास्त फसवा, कारण पहिल्या दिवशी तो तरंगतो आणि घेणाऱ्याची खात्री पटते. पुढे जॅकेटवर बसणं, गाडीवर आवळून बांधणं यात बुडबुडे फुटतात, फोम चपटा होतो आणि तरंगवण्याची ताकद जाते.

लेबलवर नुसतं ‘५०’ (न्यूटनमध्ये मोजलेलं तरंगवण्याचं बल) छापलं होतं. खऱ्या लेबलवर आयएसओ १२४०२-५ असा आंतरराष्ट्रीय मानकाचा पूर्ण क्रमांक, कोणत्या वजनाच्या आणि छातीच्या मापाच्या माणसासाठी ते आहे याची नोंद आणि बनवणाऱ्याचं नाव असतं. युरोपात विकायच्या जॅकेटवर सीई खुणेशेजारी (माल तिथल्या नियमांत बसतो, असं सांगणारी खूण) तपासणी संस्थेचा चार आकडी क्रमांकही हवा. इथे नुसतीच खूण होती. विक्रेत्याचं आणखी एक वाक्य होतं, ‘बेशुद्ध पडलात तरी तोंड वर राहील.’ हे तर अस्सल ५० न्यूटनच्या जॅकेटबद्दलही खोटं आहे. ते पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असताना वापरायचं. बेशुद्ध माणसाला उताणं करण्याची हमी त्यात नाही.

घरी तपासता येतं. ५० न्यूटन म्हणजे सुमारे ५ किलो वजन उचलणारं बल. लोखंड पाण्यात थोडं हलकं होतं, म्हणून बिडाच्या वजनांचे पावणेसहा किलो जॅकेटला बांधा आणि पिंपात सोडा. मोठ्या मापाचं, ५० न्यूटनचं जॅकेट ते पेललंच पाहिजे. पाण्याने भरलेल्या बाटल्या बांधू नका, पाण्यात त्यांचं वजन जवळजवळ शून्य असतं. नंतर वजन बांधलेलंच जॅकेट रात्रभर ठेवा. सकाळी बुडालेलं दिसलं तर निकाल लागला. मग अंगात घालून पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर माप चुकलंय.

त्याच संचातली नाव ‘समुद्री कयाक’ म्हणून विकलेली होती. मागचं झाकण उघडून टॉर्च मारला, तर उजेड थेट बसायच्या जागेपर्यंत गेला. मध्ये पाणबंद भिंतच नाही. अशी नाव उलटली की टोकापासून टोकापर्यंत भरते, आणि आत शिरलेलं प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो. एकट्याने ती रिकामी करून पुन्हा चढणं जवळपास अशक्य. निदान दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या घट्ट बसवल्याशिवाय ती खोल पाण्यात नेऊच नये.

जुनी प्लास्टिकची नाव घेताना स्टिकर सोलून पाहा, विशेषतः बुडाशी आणि सीटखाली. अशा नावेच्या पॉलिथिलीन प्लास्टिकवर साधा गोंद किंवा इपॉक्सी नीट धरत नाही. चीर बुजवून वर स्टिकर लावलेला असेल तर नाव वाकताच ती पुन्हा उघडते. रंग उडून पांढरट भुकटी हाताला लागत असेल तर उन्हाने प्लास्टिक ठिसूळ झालंय.

हेल्मेट सायकलचं निघालं. खळखळत्या पाण्यासाठी ईएन १३८५ हे युरोपीय मानक लिहिलेलं हवं. शिट्टी संचात नव्हतीच. आत गोळी नसलेली वेगळी घ्या, भिजली तरी वाजते.

सगळ्यात मोठी चलाखी बिलाखालच्या ओळीत होती: ‘भिजलेला माल परत घेतला जाणार नाही.’ म्हणजे तपासलं की परतीचा हक्क गेला! पैसे देण्याआधीच ही अट लेखी रद्द करून घ्या, आणि बिलावर मॉडेल व मानकाचा क्रमांक लिहून घ्या. विक्रेता दोन्हीला नकार देत असेल तर तिथून घेऊ नका. माल आल्यावर खोकं उघडतानाचा, लेबलचा आणि वजनाच्या चाचणीचा व्हिडिओ ठेवा. तक्रार निकाली निघाल्यावर खोट्या जॅकेटचे पट्टे कापून टाका. कुणाला देऊ नका, विकू तर नकाच.