छपराची टेंडरं भरायची असतील तर हे दुकान

रत्नागिरीत आमच्यासारखे लहान ठेकेदार स्वतः टेंडर फारसे भरत नाहीत. त्यासाठी दुकानं आहेत. झेरॉक्स, पॅनकार्ड, सातबारा आणि त्याच टेबलावर ई-निविदा. मी लिहितोय ते त्यातलंच एक, बाहेरून बघाल तर काही विशेष नाही. आत एक डिप्लोमा सिव्हिल झालेल्या बाई बसतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते खाली सांगतो.

माझं काम कौलारू छपरांचं. आम्ही मुळात सुतार. जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या शाळांची छपरं उडाली, तेव्हा मी दुसऱ्याच्या हाताखाली वासे चढवायला होतो. पुढे स्वतःची नोंदणी केली आणि टेंडरच्या कागदांशी गाठ पडली.

बाकीची दुकानं तुम्ही द्याल ते कागद स्कॅन करून चढवतात आणि पैसे घेतात. ताई आधी टेंडर वाचतात. जादा पैसे द्यायचे ते यासाठी.

एका जिल्हा परिषद शाळेचं काम होतं. जुनी मंगलोरी कौलं उतरवायची, कुजलेल्या रिपा आणि वासे बदलायचे, धड असलेली कौलं धुऊन परत चढवायची, कमी पडतील तेवढी नवी घालायची. मी दरावर नजर लावून बसलो होतो, त्या मापं बघत होत्या. म्हणाल्या, "काका, हे माप पाख्याचं नाही वाटत, खोलीचं वाटतंय." पाखं म्हणजे छपराची उतरती बाजू. खरंच, लांबी गुणिले रुंदी करून फरशीचं क्षेत्रफळच छपराला लावलं होतं. तीस अंशांचा उतार धरला तर पाख्याचं माप सपाट मापापेक्षा साधारण १५ टक्के जास्त भरतं. म्हणजे कागदावर १०० चौरस मीटर असेल तर वर चढल्यावर ११५, आणि भिंतीबाहेर येणारी वळचण त्याहून निराळी. बिल मोजमाप पुस्तिकेतल्या प्रत्यक्ष मापावर निघतं, हे कबूल. पण अंदाजपत्रकापेक्षा वाढलेल्या मापाला वेगळी मंजुरी लागते, आणि ती येईपर्यंत कौलवाल्याचे पैसे कोण देणार? ताईंनी मुदतीत निविदापूर्व शंकेचं पत्र करून दिलं. शुद्धिपत्रक निघालं, माप सुधारलं. त्यानंतर बीओक्यूची, म्हणजे कामाची मापं आणि दर भरायच्या तक्त्याची, नवी फाइल उतरवून घ्यावी लागते, आधी भरून ठेवलेली चालत नाही, हेही त्यांनीच बघितलं.

उद्यम प्रमाणपत्राचं, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणी केल्याच्या कागदाचंही तेच. ते जोडलं की टेंडरसोबत भरायची बयाणा रक्कम (अनामत) माफ, असं आमच्यात जो तो छातीठोक सांगतो. केंद्राचं २०१२ चं लघुउद्योगांसाठीचं खरेदी धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्याला ते लागू होत नाही. बयाणा न भरता नुसतं प्रमाणपत्र जोडलंत तर कागदपत्रं तपासायच्या पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यातच बाद. दराचा लिफाफा उघडतसुद्धा नाही. हे ऐकून त्या दिवशी दुकानात बसलेल्या दोघांचे चेहरे पडले होते.

दर टाकायच्या आधी त्या एका पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडून देतात, हे मला सगळ्यात आवडतं. आमची बहुतेक कामं बी-१, म्हणजे टक्केवारीची: अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त दराने करणार, तेवढंच भरायचं. "दहा बिलो टाकू" (दहा टक्के कमी) असं तोंडातून सहज निघतं. कागदावर मात्र दिसतं की बिलातून कामगार उपकर १ टक्का जाणार. धंदा एकट्याच्या नावावर असेल तर आयकर १ टक्का, करार अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचा टीडीएस २ टक्के. टीडीएस नंतर वळता होतो, उपकर गेला तो गेला. सुरक्षा अनामत दोषदायित्वाची, म्हणजे काम बिघडलं तर आपणच दुरुस्त करून द्यायची, मुदत संपेपर्यंत अडकून पडते. सरकारी ठेक्यांवरचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला, तरी आमच्यातले काही जण अजून बारानेच तोंडी आकडेमोड करतात. तो कागद बघून मी दरवेळी एखाद-दोन टक्के वर सरकतो. काही कामं त्यामुळे हातची गेली. जाऊ देत.

छपराच्या कामाचं वेळापत्रक विचित्र असतं. मार्चअखेर गाठायची म्हणून टेंडरं निघतात, वर्क ऑर्डर हातात पडेपर्यंत मे उजाडतो. शाळा सुटल्याशिवाय कौलाला हात लावता येत नाही आणि मिरगाआधी छप्पर बंद झालंच पाहिजे. एका वर्षी मी लागोपाठ दुसरं टेंडर भरायला गेलो तर ताईंनी विचारलं, "सुतार किती आहेत तुमच्याकडे? दोन शाळा एकदम उघड्या टाकू नका." स्वतःची फी सोडून असं सांगणारं दुकान मला दुसरं माहीत नाही.

आता कापलेला तारा. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये निम्म्या तालुक्याच्या ठेकेदारांच्या डिजिटल सह्या पडलेल्या असतात, पेनड्राइव्हसारख्या टोकनवर नाव आणि पिनसुद्धा चिकटवलेला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ती सही हाताने केलेल्या सहीइतकीच पक्की. ताईंवर माझा अविश्वास नाही, पण तो ड्रॉवर दुपारी जेवणाच्या वेळेला उघडाच असतो. शिवाय माझ्याच कामाला भरणारे दुसरे दोघेही त्याच टेबलावर बसतात. दर एकदा चढला की कुलूपबंद होतो आणि उघडायच्या वेळेलाच दिसतो. त्याआधी मात्र तो स्क्रीनवर असतो आणि पाठीमागे माणसं उभी असतात. मी हे बोलून दाखवलं, त्या हसल्या आणि "बघते" म्हणाल्या. ड्रॉवर तसाच आहे.

म्हणून जाणार असाल तर टोकन खिशात घालून परत आणा. टक्केवारीचा आकडा स्वतः टाइप करा, आणि समोर "कमी" निवडलंय की "जास्त" ते डोळ्यांनी बघा. शेवटी फ्रीजचं, म्हणजे टेंडर पक्कं करायचं, बटण दाबून पोचपावतीची प्रिंट घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, तोवर टेंडर भरलं असं होत नाही.

फी साध्या टेंडरला १,५०० रुपये, शंकेच्या पत्राचे ५०० वेगळे. समोरच्या गल्लीत ७०० मध्ये भरून मिळतं, तिथे कोणी मापं बघत नाही. रविवारी बंद. मार्चमध्ये रोज उघडं, पण संध्याकाळी पाचनंतर गेलात तर उभं राहायलाही जागा मिळत नाही, त्यामुळे सकाळीच जा.