बर्फ की खोबरेल?

खानापूरच्या भाचीला विज्ञान प्रदर्शनात तळी वरूनच का गोठतात ते दाखवायचंय. ग्लासात बर्फ ठेवू की खोबरेल, यावर अडलीय.

खर्च दोन्हीला किरकोळ. बर्फाला फ्रीज हवाच. खोबरेल आमच्या बेळगावी थंडीत बाटलीतच थिजतं.

परिणामात मात्र फरक. बर्फाची घनता ०.९१७, पाण्याची १, म्हणून तो तरंगतो. तळाशी ४ अंशांचं, सगळ्यात जड असलेलं पाणी उरतं, त्यात मासे जगतात. (बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयात हे दिसायचं नाही, दल सरोवरात दिसतं.) पण सरबतात रोज दिसणाऱ्या बर्फापाशी कोण थबकणार? थिजलेल्या खोबरेलाचा गोळा पातळ तेलात बुडतो, तेव्हा पोरं विचारतात, मग बर्फ का नाही बुडत?

लहान वर्गाला बर्फ पुरे. परीक्षकांपुढे दोन्ही ग्लास शेजारी ठेव, बाई.