लाइट संपताना विकली जाणारी 'पेशी वाढवायची' पावडर

माझ्या मावशीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर २५ लाइट, म्हणजे किरणोपचार (रेडिएशन), सांगितले होते. शेवटच्या आठवड्यात पांढऱ्या पेशी २१०० वर आल्या. नॉर्मल म्हणजे ४००० ते ११०००. घरात सगळे हादरले, आणि नेमका त्याच सुमारास धर्मशाळेत एक गृहस्थ मामांना गाठून म्हणाला, "लाइटनं जळलेल्या पेशी आपोआप येत नसतात, दादा." त्यानं दुसऱ्या पेशंटचे रिपोर्ट दाखवले. पावडरीआधी १९००, दीड महिन्यानं ४६००. मामांनी साडेअठरा हजार रोख मोजले. पावती नाही.

ते रिपोर्ट खरेही असतील. लबाडी आहे ती तारखांत.

रक्त तयार करणाऱ्या हाडांतल्या मगजाचा (अस्थिमज्जेचा) मोठा वाटा कमरेच्या आणि मणक्याच्या हाडांत असतो, आणि ओटीपोटाचे लाइट तिथंच पडतात. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी किरणांपुढं सगळ्यात नाजूक, त्या आधी मरतात. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मुळातच अल्पायुषी; मगजातून नवा पुरवठा आटला की त्यांचा आकडा घसरतो. पण किरणांबाहेरच्या हाडांतला मगज काम करतच असतो. लाइट संपले की न्यूट्रोफिल बहुतेकांचे काही आठवड्यांत सावरतात. लिम्फोसाइटना मात्र कित्येक महिने लागतात. म्हणून हा माणूस शेवटच्या आठवड्यातलेच पेशंट हेरतो. तेव्हा साधं पीठ दिलं तरी दीड महिन्यानं आकडा वाढलेलाच दिसणार!

डॉक्टरांनी पावडर त्याच दिवशी बंद करायला लावली. अशा पावडरींत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी प्रवाहात येतात, आकडा फुगतो, पण प्रतिकारशक्ती उलट दबते. शिवाय तापही झाकला जातो, आणि पेशी कमी असताना ताप आला तर तासाभराचा उशीरही जिवावर बेतू शकतो. मला सगळ्यात संताप याचा येतो. पैसे गेले ते गेले, पण स्टेरॉइडसारखं औषध असं लपूनछपून द्यायचं? पेशी वाढवायचं खरं इंजेक्शन आहे, फिलग्रास्टिम, १९९१ पासून वापरात. तेही लाइट आणि केमो एकत्र चालू असताना डॉक्टर सहसा टाळतात.

मावशीच्या पेशी महिन्याभरात ३९०० झाल्या, पावडरीशिवाय. लिम्फोसाइट अजून कमी आहेत. त्या गृहस्थाचा फोन बंद आहे. पाकिटावर परवाना क्रमांक नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे आम्ही लेखी तक्रार दिली आहे. कुणाच्या घरी असं पाकीट असेल तर फेकू नका, उरलेल्या पावडरीसकट ठेवा. तपासणीला तेच लागतं.